कच्चा दोरा, चांदीची कॅप आणि बावीस पायऱ्या

पाचपैकी चार तारे. एक कापलाय तो बावीस पायऱ्यांच्या खड्या जिन्यासाठी आणि ताटकळत बसवण्यासाठी. दवाखान्याचं नाव इथे लिहीत नाही, डॉक्टर मॅडमना विचारलेलं नाही. साताऱ्यात राजवाड्याच्या बाजूला "लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टर" एवढं म्हटलं की रिक्षावाले बरोबर आणून सोडतात.

मी घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, लग्नसराईत नऊवारी. गिऱ्हाईक आलं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "दोन दिवसांनी या." दोन दिवसांनी परत तेच. माझ्या मुलीच्या, सईच्या दाताचंही मी असंच केलं, फक्त तिथे दोन दिवसांची तीन वर्षं झाली.

सई दोन वर्षांची असताना तिच्या वरच्या पुढच्या दातांवर, अगदी हिरडीला लागून, एक पांढरट रेघ दिसायला लागली. पाटीवर खडू ओढावा तशी, चकाकी नसलेली. सासूबाईंना दाखवलं. त्यांनी पदराच्या टोकाने दात पुसून बघितला आणि म्हणाल्या, "दुधाची साय बसलीय गं." मलाही ते पटलं, कारण तेव्हा सई बाटली तोंडात ठेवूनच झोपायची. साखर घातलेलं दूध. बाटली तोंडात असली की ती दोन तास हलायची नाही आणि तेवढ्यात माझा अस्तराचा एक ब्लाउज निघायचा. खोटं कशाला बोलू, बाटली तिला हवी होती त्याहून जास्त मला हवी होती.

रेघ पुढे पिवळट झाली, मग तपकिरी. मी एकदा सर्दी-खोकल्यासाठी नेहमीच्या दवाखान्यात गेले होते, तिथे जाता जाता विचारलं. उत्तर आलं, "दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत." एवढं ऐकून मी जी निश्चिंत झाले, ती गेल्या दिवाळीपर्यंत. दिवाळीत सई चकली फक्त डाव्या बाजूने खात होती. उजवीकडे गेलेला तुकडा जिभेने ढकलून परत डावीकडे आणायची. मी बघत होते आणि मला ते गोड वाटत होतं. संक्रांतीला तिळगुळाची वडी चावली आणि उजव्या गालावर हात दाबून बसली. त्या रात्री दीड वाजता ती रडत उठली.

सासूबाईंनी कापसावर लवंगेचं तेल घेऊन दाढेत धरलं. दोन मिनिटांत सई आणखी जोरात किंचाळली. सकाळी बघते तर दाढेशेजारची हिरडी पांढरी पडून सोललेली. तेल नुसतं होतं, पाण्यासारखं वाहून हिरडीवर गेलं होतं. आत्यांना (सासूबाईंना मी आत्याच म्हणते) फार वाईट वाटलं, दिवसभर त्या गप्प होत्या. मी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल दिलं. आणि दोन दिवसांत दुखायचं थांबलं!

इथे मी सगळ्यात मोठी चूक केली. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं धरून चालले. सईचे पप्पा म्हणाले, "दाखवून येऊ का?" मी म्हटलं, "आता कुठं दुखतंय? लग्नाची कामं उरकू देत." फेब्रुवारीत तिचे दात घासताना दाढेच्या खाली हिरडीवर एक पुळी दिसली. बाजरीच्या दाण्याएवढी, टोकाला पिवळी. दाबली तर सईला दुखतसुद्धा नव्हतं. तेव्हा मात्र माझ्या हातातला ब्रश खाली पडला.

दवाखाना पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही, पायऱ्या उंच, कठडा एकाच बाजूला. माझ्या सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना वर न्यायला दहा मिनिटं लागली. कडेवर मूल, खांद्याला पिशवी आणि हातात चप्पल (चपला वरच्या दाराशी काढायच्या असतात, खाली नाही, मी खालीच काढून हातात घेऊन चढले, उगाचच). मुलांचा दवाखाना आहे, तर जिन्याला मुलांच्या उंचीचा एक कठडा तरी लावायला हवा होता.

पाचची वेळ दिली होती, आत घेतलं सहा वाजून वीस मिनिटांनी. बाहेर सतरंजी, तिच्यावर एक भलीमोठी कापडी मगर, तोंड उघडं, आत शिवलेले पांढरे दात. मुलं फूटभर लांबीच्या ब्रशने तिचे दात घासतात. मी आधी मगरीची शिलाई बघितली. जबड्याला दुहेरी टीप घातलीय, दात फेल्टचे आहेत, हातशिलाईने लावलेत आणि खालचे दोन दात उसवलेत. सईने नेमकं विचारलं, "मम्मी, हिचे दुधाचे पडले का?" भिंतीवरचा टीव्ही मात्र इतका मोठ्याने लावलेला असतो की शेजारच्या बाईंशी बोलता येत नाही. स्वागताला बसणाऱ्या मुलीला आवाज कमी करायला सांगितला, तिने केला, पाच मिनिटांनी परत तेवढाच.

आत गेल्यावर मात्र माझी सगळी कुरकुर विरघळली. मॅडम वयाने माझ्याएवढ्याच असतील. दंतवैद्यकाची पदवी घेतल्यावर पुढची तीन वर्षं फक्त मुलांच्या दातांचं शिकलेल्या. पहिली पाच मिनिटं त्यांनी सईच्या तोंडाकडे बघितलंच नाही. मलाच प्रश्न. रात्री बाटली होती का? कधी सुटली? दिवसातून किती वेळा खाते? पेस्ट कोणती? पाणी कास तलावाचं येतं की बोअरचं? पाण्याचं का विचारताय म्हटलं, तर म्हणाल्या, यवतमाळ-चंद्रपूरकडे काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं, तिथल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग वेगळ्याच कारणाने पडतात, म्हणून हे आधी विचारून घेते.

मग सईला म्हणाल्या, "तुझं नख दाखव." नखावर त्यांनी मशीनच्या पाण्याचा फवारा मारला. "गार लागलं? आता हेच पाणी दाताला." लाळ ओढणाऱ्या नळीला तळहात लावायला दिला, ती सोंडेसारखी चिकटली तशी सई हसली. मी मधेच धीर द्यायला म्हणून बोलले, "घाबरू नको हं सई, काही दुखणार नाही." मॅडम वळल्या. "ताई, 'दुखणार' हा शब्द आतापर्यंत या खोलीत नव्हता. तुम्ही आणलात." रागाने नाही म्हणाल्या, पण मी गप्प झाले ती झालेच.

छोटा एक्स-रे काढला, लगेच पडद्यावर दिसला. उजवीकडची खालची मागची दुधाची दाढ आतल्या नसेपर्यंत किडलेली, मुळांच्या मध्ये काळी सावली. मॅडमनी पेनाच्या टोकाने दाखवलं. दुधाच्या दातावरचं कठीण कवच मोठ्यांच्या दातापेक्षा पातळ असतं आणि आतली नस तुलनेने मोठी, त्यामुळे कीड आत पोचायला फार वेळ लागत नाही. संक्रांतीला दुखत होती ती नस जिवंत होती म्हणून. नंतर दुखायचं थांबलं ते नस मेली म्हणून. पू हिरडीतून वाट काढून बाहेर येतोय, म्हणून दाब नाही, दाब नाही म्हणून दुखणं नाही. "दुखायचं थांबलं तेव्हाच तुम्ही यायला हवं होतं," एवढंच त्या म्हणाल्या.

मी माझा हुकमी एक्का टाकला. "पण मॅडम, दुधाचीच आहे ना? पडणारच आहे. काढून टाका."

"कधी पडणार?"

मला वाटलं सहा-सात वर्षांची झाली की. बहुतेक सगळ्यांना असंच वाटत असणार, कारण पुढचे दात तेव्हा पडतात आणि पडके दात घेऊन हसणारी मुलं आपल्याला दिसतात. मागच्या दाढा दिसत नाहीत. त्या दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान पडतात. सई तेव्हा साडेपाचची होती. म्हणजे ती दाढ आणखी पाच-सहा वर्षं चावायला लागणार होती. शिवाय सहाव्या वर्षाच्या आसपास तिच्या मागे पहिली कायमची दाढ येते. पुढची जागा रिकामी असेल तर ती पुढे सरकते, आणि खालून येणाऱ्या दाताला जागा उरत नाही. मग तो वाकडा येतो नाहीतर हाडात अडकून बसतो. दाढ काढावीच लागली तर जागा धरून ठेवायला तारेचं एक कडं बसवतात.

हे ऐकताना मला एकदम माझं काम दिसलं. पक्की टीप घालायच्या आधी आम्ही कापडाला कच्चा दोरा घालतो. तो काढून टाकायचाच असतो, त्याची किंमत शून्य. पण टीप पडायच्या आधी कुणी ओढून काढला तर कापड सरकतं आणि बाही एकीकडे, मुंढा दुसरीकडे. मी हे मॅडमना बोलून दाखवलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "माझ्याकडे एवढे तक्ते लावलेत, त्यात हे नाही."

तर काढायचं नाही, वाचवायचं ठरलं. दुसऱ्या फेरीत नसेचं काम. मोठ्यांचं रूट कॅनल असतं तसंच, फक्त आत भरायचा मसाला वेगळा. दुधाच्या दाताची मुळं पुढे आपोआप विरघळत जातात, म्हणून त्यांच्याबरोबर विरघळणारीच पेस्ट भरतात. वर तात्पुरतं भरताना खोलीभर वास सुटला. सासूबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या, त्या एकदम ताठ झाल्या. "लवंग!" मॅडम म्हणाल्या, "हो आजी, यात लवंगेच्या तेलातलाच अर्क असतो. पण पावडरीत कालवून, दाताच्या आत. हिरडीवर नाही." आत्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला. जिना उतरताना गुडघे दुखत असूनही त्या म्हणाल्या, "मी लावलं ते बरोबरच होतं, जागा चुकली." त्यानंतर पूर्ण आळीला हे कळलं.

इंजेक्शनचं सांगते, कारण सगळ्या आया तेच विचारतात. आधी हिरडीला गोड वासाचं जेल लावलं, मग दोन मिनिटं थांबल्या, मग गाल हलवत हलवत सुई टोचली. सई "आं" एवढंच म्हणाली. सुई तिने बघितलीच नाही, सिस्टरचा हात मधे होता. काम पाऊण तास चाललं, ती छतावरच्या टीव्हीवर कार्टून बघत होती. पण घरी आल्यावरचा घोळ माझा. त्यांनी बजावून सांगितलं होतं की दोन-तीन तास ओठ बधिर राहील, मूल चावत बसतं, लक्ष ठेवा. मी एक ब्लाउज पोचवायला शेजारच्या गल्लीत गेले. वीस मिनिटांत परत आले तर सईने खालचा ओठ चघळून टोमॅटोसारखा केला होता. फोन केला. औषध नको, बर्फाचा शेक द्या, दोन दिवसांत पांढरी खपली धरेल तिला पू समजून घाबरू नका, आठवड्यात बरं होईल. झालंही तसंच. शाळेत मात्र दोन दिवस सांगत बसावं लागलं की मूल पडलेलं नाही.

तिसऱ्या फेरीला कॅप. इथे मॅडमनी माझं मन जिंकलं. दोन प्रकार दाखवले, स्टीलची चंदेरी आणि दाताच्या रंगाची पांढरी. पांढरी जवळजवळ तिप्पट महाग. मी विचारलं, तुम्ही काय घालाल? म्हणाल्या, "मागची दाढ आहे, हसताना दिसत नाही, स्टीलची घाला. ती दाताबरोबरच पडून जाईल." दुकानदाराने स्वस्त कापड दाखवून "हेच टिकेल" म्हणावं तसं झालं, मी स्वतः तर गिऱ्हाइकाला असं कमी वेळा सांगते. सई आता शाळेत सगळ्यांना तोंड उघडून चांदीचा दात दाखवते. वर्गातल्या दोघींनी घरी जाऊन चांदीच्या दातासाठी हट्ट केल्याचं बाई सांगत होत्या.

पुढचे तपकिरी दात? ते त्यांनी हातही न लावता सोडले. "ही कीड आता थांबलेली आहे, कडक झालीय, दुखत नाही, आणि हे दात वर्ष-दीड वर्षात पडतीलच. यात पैसे घालवू नका." डावीकडे एका दाढेत बारीक खड्डा होता तो भरला आणि सगळ्या दातांना फ्लोराइडचा लेप लावला. लेप म्हणजे पिवळसर, चिकट, छोट्या कुंचल्याने लावतात, दोन-तीन मिनिटांत आटोपतं. त्या दिवशी कडक काही खायचं नाही आणि दात दुसऱ्या दिवशीच घासायचे.

आता पैसे. तपासणी ३०० आणि एक्स-रे २५०. नसेचं काम ३,०००, स्टीलची कॅप २,०००. खड्डा भरायचे ९००, लेप ७००. एकूण ७,१५०. माझी अस्तराच्या ब्लाउजची शिलाई ४०० आहे, म्हणजे अठरा ब्लाउज. दोन वर्षांची असताना, ती खडूची रेघ होती तेव्हा, गेले असते तर? मी मुद्दाम विचारलं. तपासणी आणि लेप, वर बाटली सोडा एवढा सल्ला. १,०००. अडीच ब्लाउज. खडूची रेघ म्हणजे कीड लागायची पहिली खूण, आणि त्या टप्प्यावर ती परतवता येते. खड्डा पडल्यावर मात्र तो आपोआप भरून येत नाही.

पावती मागितल्याशिवाय देत नाहीत, हेही लिहून ठेवते. मागितली की देतात. कार्ड चालत नाही, फोनवरून किंवा रोख. ज्यांना हे पैसे जड आहेत त्यांच्यासाठी: कराडजवळ मलकापूरला कृष्णाचं दंत महाविद्यालय आहे, सांगलीला भारती विद्यापीठाचं. मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं सरकारी दंत महाविद्यालय आहे आणि महापालिकेचं नायर. अशा कॉलेजांमध्ये मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो, शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त जातो, पैसे सहसा कमी लागतात.

मला या दवाखान्यात सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर कधी यायचं नाही हे त्या स्पष्ट सांगतात. माझ्या जाऊबाईंचा मुलगा सात वर्षांचा. त्याच्या खालच्या दातांमागे दुसरी रांग उगवली. जाऊबाई रडकुंडीला येऊन फोटो घेऊन माझ्याबरोबर आल्या. मॅडमनी फोटोपेक्षा एकच प्रश्न विचारला, "पुढचा दुधाचा हलतोय का?" हलत होता. मग त्याला जिभेने आणि हाताने हलवत राहू द्या, तो पडला की मागचा जीभ पुढे ढकलते. दोन-तीन महिन्यांत पडला नाही किंवा अजिबातच हलत नसला तर घेऊन या. पैसे घेतले नाहीत. तसंच नवीन आलेल्या वरच्या दोन पुढच्या दातांमधली फट. सुळे खाली येईपर्यंत ती बहुतेकांना असते आणि बऱ्याचदा आपोआप मिटते. सई रात्री दात खाते म्हणून सासूबाईंनी जंताचं औषध दोनदा पाजलं होतं. मॅडमनी दात झिजलेत का एवढं बघितलं, झिजले नव्हते, म्हणाल्या बहुतेक मुलांची ही सवय वाढत्या वयात सुटते. आत्यांना हे पटलेलं नाही. लवंगेची केस जिंकल्यावर जंताचीही जिंकू असं त्यांना वाटतं.

आणि कधी थांबायचंच नाही, तेही ऐकून आले. गालाला सूज आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी. सूज डोळ्याकडे चढली, जबड्याखाली उतरली, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर दातांच्या दवाखान्याची वेळ बघत बसायचं नाही, रात्र असली तरी मोठं हॉस्पिटल गाठायचं. पडून दात निघाला तर आधी तो दुधाचा की कायमचा हे बघायचं. दुधाचा असला तर परत बसवायचा नाही, तसंच घेऊन यायचं. कायमचा असला तर दाताचा वरचा भाग धरायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही, शक्य तर लगेच त्याच जागी बसवायचा. नाही जमलं तर कपभर दुधात टाकून तासाच्या आत डॉक्टर गाठायचा, आणि जितकं लवकर तितकं बरं. हे मी शाळेच्या बाईंना चिठ्ठीवर लिहून दिलं. शाळेत दूध असतंच, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

पहिल्यांदा कधी न्यायचं, याचं उत्तर ऐकून मी हसले होते. पहिला दात दिसला की सहा महिन्यांत, नाहीतर पहिल्या वाढदिवसापर्यंत. म्हटलं, चार दात, त्याला डॉक्टर कशाला? ओमला, सईच्या धाकट्या भावाला, चौदाव्या महिन्यात नेलं तेव्हा कळलं. खुर्चीत बसवलंच नाही. मॅडम आणि मी समोरासमोर बसलो, गुडघ्याला गुडघे लावून. ओमचे पाय माझ्या कमरेला, पाठ आमच्या मांड्यांवर आणि डोकं मॅडमच्या मांडीत. तो रडला, रडताना तोंड आपोआप उघडलं, दीड मिनिटात बघून झालं. दात चांगले होते. बाकीची पंधरा मिनिटं मलाच शिकवण्यात गेली: ओठ वर उचलून हिरडीच्या कडेला बघायचं, महिन्यातून एकदा तरी, उजेडात. पेस्ट त्याला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाट काढतात तेवढी नाही. पेस्टवर फ्लोराइड १,००० पीपीएम लिहिलंय का बघायचं. आपल्याकडच्या पेस्टला वरची मर्यादाच तेवढी आहे. रात्री घासून झाल्यावर पाण्याशिवाय काही नाही. आणि मुलाला स्वतःच्या बुटाची लेस बांधता येईपर्यंत दात आपण घासून द्यायचे, कारण तोवर त्याच्या बोटांना ते जमत नसतं. सई अजून वेल्क्रोचेच बूट घालते.

गोडाचं मला जास्त लागलं. आमच्याकडे पाहुणे आले की कंदी पेढे येतात, गेले की उरलेले डब्यात राहतात, आणि सई दिवसभर येता-जाता अर्धा-अर्धा खाते. मला वाटायचं, अर्धाच तर खातेय. मॅडमचं म्हणणं उलटं होतं. दोन पेढे जेवणानंतर एकदम खाल्लेले परवडले, पण अर्धा पेढा चार वेळा नको. प्रत्येक वेळी दातांवर वीस-तीस मिनिटं तरी आम्लाचा मारा चालू राहतो, मग लाळ तो सावरते, आणि ती सावरेपर्यंत पुढचा अर्धा आलेला असतो. आता डबा वरच्या फळीवर असतो, मशीनच्या दोऱ्यांच्या रिळांमागे. सईला तो कुठे आहे हे माहीत आहे.

मागच्या आठवड्यात सई बोट घालून म्हणाली, "मम्मी, मागं काहीतरी उगवलंय." उजेडात नेऊन बघितलं. कॅपच्या मागे हिरडीतून नव्या दाढेचं टोक, पांढरं, चार कंगोऱ्यांचं. एकही दात पडला नव्हता, म्हणून मॅडमनी आधी सांगितलं नसतं तर मी हिलाही दुधाचीच समजले असते. ही कायमची. तिच्या खाचा खोल असतात, पूर्ण वर आली की त्या खाचा एका वेगळ्या लेपाने (फ्लोराइडच्या नव्हे) बंद करून घ्यायच्या आहेत. या वेळी मी दोन दिवसांनी म्हटलं नाही, त्याच संध्याकाळी फोन लावून वेळ विचारली. त्यांनी तीन महिन्यांनंतरची दिली, दाढ वर येऊ दे म्हणून.

जाणार असाल तर: मुलाला थोडं खाऊ घालून आणि झोप झालेली असताना न्या, सकाळच्या वेळी जा, गर्दी कमी असते. निघायच्या आधी फोन करून किती नंबर बाकी आहेत ते विचारा. रविवारी बंद, गुरुवारी संध्याकाळी बंद. आजींना नेऊ नका, जिना फार आहे. आमच्या आजी मात्र पुढच्या वेळीही येणार आहेत, त्यांना लवंगेचं अजून काहीतरी विचारायचंय.